वजू टिकवणारा मध

रमजानचा पहिला आठवडा सरत आला आणि आमच्या कोम अल-सिद्र गावात लोक रोजा सोडल्याबरोबर ताटावरून उठून पळू लागले. पूर्वी ही पळापळ टीव्हीवरच्या मालिकेसाठी असायची. आता सगळे शेख मुतवल्लीच्या अंगणाकडे धावत होते. तोंडातला खजूर तोंडातच, डोक्यावरचं पागोटं हातात, आणि एका टुकटुक रिक्षात नऊ माणसं. केना शहरातून एक अख्खी बस भरून आली होती आणि ती वळवायला जागा नसल्यामुळे मशिदीच्या दारातच आडवी उभी होती. मशिदीत जाणाऱ्यांनी तिला वळसा घालून जायचं. तसंही त्या वाटेने जाणारे थोडेच उरले होते.

मी फाटकाबाहेरूनच पाहत होते. आत गेले असते तर मला जीभ आवरली नसती. फाटकात मुतवल्लीचे दोन चेले उभे असत. आलेल्या प्रत्येकापुढे मातीची सुरई धरायची, त्याने पाणी प्यायचं, आत जाऊन चटईवर बसायचं, आणि मग खरा सोहळा सुरू व्हायचा. हिरवा झगा घातलेला मुतवल्ली ओट्यावर येई. एका हातात मधाची बरणी, दुसऱ्या हातात लाकडी चमचा.

"बाबांनो, एक चमचा!" तो ओरडे. "फक्त एक! तोंड कोरडं पडेल. भिऊ नका. रोजा तुमच्या जिभेवर मुक्कामाला आलाय, त्याला हाकलू नका! चेहरा तापेल. तो ताप नव्हे रे, नूर आहे नूर! वाचायला जाल तर अक्षरं पुसट होतील. होऊ देत! दुनियेचे हिशेब वाचून कोणाचं भलं झालंय? आणि वजू?"

इथे तो थांबे. सगळं अंगण श्वास रोखून धरी.

"संध्याकाळी केलेली वजू पहाटेपर्यंत टिकेल! मोडणार नाही म्हणजे नाही!"

म्हाताऱ्यांच्या तोंडून असा काही सुस्कारा निघे की विचारू नका. लघवीला जाऊन आलं की वजू मोडते, पुन्हा हातपाय-तोंड धुवावं लागतं. रमजानातली रात्रीची नमाज लांबलचक. साठी ओलांडलेल्या पुरुषांचा जीव तेव्हा दुहेरी टांगणीला लागलेला असतो, एक वर अल्लाकडे आणि एक मोरीकडे. अशा माणसाला कोणी स्वर्ग देऊ केला तर तो म्हणेल, बघू नंतर. पण रात्रभर उठावं लागणार नाही म्हटलं, की तो बसच्या टपावर बसूनही येईल.

आणि खरंच, कोणी उठत नव्हतं. तोच तर चमत्कार होता.

हा मुतवल्ली दोन वर्षांपूर्वीपर्यंत लक्सरच्या बाजारात एका जडीबुटीच्या दुकानात पुड्या बांधायचा. तिथून त्याला का काढलं ते तो सांगत नसे. स्वप्नात हिरव्या कपड्यातला कोणी आला आणि मधाची गुहा दाखवून गेला, आणि तेव्हापासून एक जिन आपल्या काबूत आहे, एवढंच तो सांगे. अशा स्वप्नातल्या माणसांना दुकानातून हाकललेल्यांचेच पत्ते बरे सापडतात.

माझे बाबा त्या चटईवर पहिल्या रांगेत बसत. इद्रीस मास्तर म्हणजे माझे बाबा. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी गणित शिकवलं आणि उरलेल्या निम्म्यांना गणितात नापास केलं. आयुष्यभर मशिदीतही त्यांची जागा पहिल्या रांगेतच. पण यंदा त्यांची प्रोस्टेटची ग्रंथी वाढली होती, म्हाताऱ्यांना होतो तोच त्रास. नमाज मध्येच सोडून रांगांमधून वाट काढत बाहेर जावं लागे, आणि त्यांचे जुने विद्यार्थी कोपरांनी एकमेकांना ढोसत. मुख्याध्यापक येऊन दाराशी उभे राहिले तरी वर्ग अर्धवट न सोडणारा हा माणूस. त्यांना तेवढं पुरेसं होतं. बाबा तिसऱ्या दिवसापासून मशिदीत जाईनासे झाले आणि सहाव्या दिवसापासून मुतवल्लीकडे जाऊ लागले.

"बाबा, तुम्ही गणिताचे मास्तर ना?" मी रोजा सोडताना म्हटलं.

"गणितच करतोय. आधी चार वेळा उठायचो, काल एकदाही नाही. वजाबाकी तुझी तू कर."

"आणि डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या?"

"शेख म्हणतात, मधाबरोबर गोळी म्हणजे पाहुण्यासमोर भांडण. बंद केल्यात."

"मधाने लघवी थांबत नाही, बाबा."

"हे तू म्हणतेस. तुझी प्रयोगशाळा काय म्हणते ते भिंतीवर टांगलंय. जाऊन वाच. मला आता तेवढं बारीक दिसत नाही."

भिंतीवरचा तो दाखला खराच होता. मी केनाच्या एका प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे एक यंत्र आहे, वस्तुमान मोजणारं. डोळ्यांना न दिसणारे रेणू ते एकेक करून तोलतं, मग फोडतं आणि तुकडेही तोलतं. हौदभर पाण्यात चिमूटभर काही पडलं असेल तरी त्याला पत्ता लागतो. वनस्पतींतल्या कडू, विषारी, औषधी द्रव्यांची ओळख पटवणं हेच आमचं रोजचं काम. आणि मुतवल्लीने, त्याच्या धाडसाला दाद द्यायला हवी, स्वतःहून मधाची बरणी आमच्याकडे पाठवली होती. आमचे प्रमुख डॉक्टर रुश्दी यांनी तपासून सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं, 'शुद्ध मध. परकीय द्रव्य आढळले नाही.' त्या कागदाला सोनेरी चौकट करून मुतवल्लीने तो ओट्यामागे टांगला. दाखला काबूत आला म्हटल्यावर जिन काबूत असण्याचीही गरज उरली नाही.

"सर, तुमच्या सहीवर गाव वेडं झालंय," मी रुश्दींना म्हटलं.

"मध शुद्ध आहे, बसीमा. वाटलं तर तू पुन्हा तपास."

मी पुन्हा तपासला, बाबांच्या चमच्याला चिकटून आलेला. शुद्धच होता, आणि मला अतोनात राग आला.

मध सुरू झाल्यावर दहा दिवसांनी बाबांचे डोळे मोठे काळे दिसू लागले. जीभ चामड्यासारखी. रोजा सोडताना त्यांनी खुर्चीकडे बघून अदबीने सलाम केला आणि शाळातपासनीसांना बसायला सांगितलं. ते तपासनीस वारून वीस वर्षं झाली होती. बाबांनी त्यांच्यापुढे अपूर्णांकांचा धडा घेतला, तोही चांगला घेतला. गल्लीतले लोक दारात जमले. "मास्तरांना दिसू लागलं!" म्हणून कोणी रडू लागलं, कोणी त्यांचा हात डोळ्यांना लावू लागलं. धडा मध्येच तुटला कारण बाबा बोलता बोलता पोट धरून खाली बसले होते. पोट डेऱ्यासारखं टणक झालं होतं. एक थेंब बाहेर पडत नव्हता. वजू टिकली होती खरी!

इस्पितळात नळी घातली तेव्हा जे बाहेर आलं ते पाहून डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "मूत्राशय फुटायचं राहिलंय. मूत्रपिंडांवर ताण आलाय तो वेगळाच. काय घेतलं यांनी?"

"मध," मी म्हटलं.

"मधाने बाहुल्या अशा होतात?" त्यांनी बाबांच्या डोळ्यावर विजेरी मारली. बाहुली होती तेवढीच राहिली. "हे विष आहे, बाई. कुठलं ते तुझं काम आहे ना? शोध. आणि लवकर शोध. याच लक्षणांचा हा तिसरा म्हातारा आहे. आधीचा एक वाचला नाही."

रमजानच्या शेवटच्या दहा रात्री सुरू व्हायला चार दिवस होते. त्यांतल्या पहिल्या रात्री मुतवल्ली सगळ्या जिल्ह्याला बोलावणार होता.

पिशवीत जमलेलं बाबांचं मूत्र घेऊन मी यंत्रापाशी बसले. माणसाच्या मूत्रात हजारो द्रव्यं असतात. चहा, जिरं, कालची मिरची, शेजाऱ्याच्या हुक्क्याचा धूर, सगळं तिथे हजर. त्यातलं कुठलं आगंतुक ते कसं ओळखायचं? तर ज्यांनी अंगणात पाऊल टाकलं नाही अशा म्हाताऱ्यांचं मूत्र आणायचं आणि शेजारी ठेवून पाहायचं. जे बाबांच्यात आहे आणि त्यांच्यात नाही ते आगंतुक. मी गल्लोगल्ली बाटल्या वाटल्या. बाबांसारखे आणखी काही सापडावेत म्हणून भक्तांनाही दिल्या. भक्तांच्या बाटल्या दोन दिवसांनी तशाच रिकाम्या परत आल्या. एकाने तर अभिमानाने परत केली.

पण बाबांचं मूत्र पुरलं. यंत्राने दोन उंच शिखरं काढून दाखवली जी दुसऱ्या कोणाकडेच नव्हती. यंत्राच्या काट्यावर एका रेणूचं वजन दोनशे नव्वद, दुसऱ्याचं तीनशे चार. पहिला फोडला की एकशे चोवीसचा तुकडा, दुसऱ्यातून एकशे अडतीसचा. कपाटातली शुद्ध द्रव्यं काढून शेजारी चालवली. वजन तेच, तुकडे तेच, यंत्रातून बाहेर पडायला लागणारा वेळही तोच. हायोसायमीन आणि स्कोपोलामीन. वाळवंटाच्या कडेला उगवणारं सकरान नावाचं झुडूप, धोतऱ्याचं सख्खं चुलत भावंड, या दोघांनी भरलेलं असतं. तोंड सुकतं, अंग तापतं, बाहुल्या फाकतात, जवळचं दिसत नाही, मेलेले तपासनीस भेटतात आणि लघवी अडते. मुतवल्लीने नूर म्हणून जे जे सांगितलं होतं ते सगळं त्या झुडपाच्या पानात होतं.

फक्त मधात नव्हतं.

मी बाबांना विचारलं. "अंगणात काय खाल्लं-प्यायलात?"

"मध."

"आणखी?"

"आणखी काही नाही. खोटं कशाला बोलू?"

भक्तांना विचारलं. सगळ्यांचं एकच, मध, फक्त मध, अल्लाशपथ. मी चमच्याचं लाकूड खरवडून तपासलं. चटईची काडी तपासली. धुपाची राख तपासली. काही नाही. रुश्दी म्हणाले, "कदाचित म्हातारे घरी काही घेत असतील." हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

त्या संध्याकाळी रोजा सोडून मी नबविया आत्याकडे गेले. ही बाबांची धाकटी बहीण, मुतवल्लीची मोठी भक्त, रोज जाणारी. तिने दारातच माझ्या हातात पाण्याचा पेला दिला. मी एका दमात संपवला, तिने पुन्हा भरला, मी तोही संपवला. मग बसले आणि तिची उलटतपासणी सुरू केली.

"आत्या, नीट आठव. मधाशिवाय काय घेतलंस?"

"कितीदा सांगू गं? मध! मध! मध!" मग ती एकदम कळवळली. "अगंबाई, मी पण कशी! घरात येऊन एवढा वेळ झाला आणि तू अजून काहीच घेतलं नाहीस. काय आणू? चहा?"

मी रिकामा पेला तिच्यापुढे धरला. दोन पेले पाणी माझ्या पोटात डुचमळत होतं.

"आत्या, मी अजून काही घेतलं नाही?"

"नाही ना! आल्यापासून कोरडीच बसलीस."

"आणि हे पाणी?"

"इश्श! पाणी काय घेण्यात मोजतात?"

नाहीच मोजत. आमच्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी देतात, शत्रू असला तरी देतात, आणि तो नाही म्हणत नाही. दिलेलं पाणी कोणी मोजत नाही, आठवत नाही, त्याचे आभार मानत नाही. साठ-सत्तर माणसांनी अल्लाशपथ सांगितलं होतं आणि एकही खोटं बोललं नव्हतं. मुतवल्लीला विष लपवायला यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती. आणि मी शहाणी, रोज फाटकाबाहेर उभी राहून त्या सुरया पुढे होताना माझ्या डोळ्यांनी पाहत होते.

"आत्या, त्या पाण्याची चव कशी असते?"

"मस्तकीच्या डिंकाचा आणि संत्र्याच्या फुलांचा वास असतो. जराशी कडवट. पण सुरई धुरी दिलेली असली की तशी लागतेच की. चांगल्या पाण्याची खूण आहे ती."

दुसऱ्या संध्याकाळी आत्याबरोबर फाटकातून आत गेले. सुरई तोंडाला लावली, ओठ मिटून ठेवले आणि पाणी बुरख्याआडच्या बाटलीत ओतून घेतलं. त्याच रात्री यंत्राने तीच दोन शिखरं काढली, इतकी उंच की कागदाबाहेर गेली.

सकाळी अहवाल घेऊन ठाण्यावर गेले. ठाणेदारसाहेबांनी कागद नाकाजवळ धरला, मग हात लांब करून धरला, मग खिडकीशी नेला.

"फार बारीक छापता तुम्ही लोक," ते म्हणाले. त्यांच्या बाहुल्या बशीएवढ्या होत्या. "ठेवून जा. सवडीने बघू."

तेव्हा मी संध्याकाळी रोजा सोडून मशिदीत जाऊन इमाम रिद्वानना गाठलं. हे आमचे खरे शेख. हळू बोलणारे आणि हल्ली रिकाम्या रांगांपुढे उभे राहणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चपला पायात सरकवल्या आणि म्हणाले, "चल."

शेवटच्या दहांतली पहिली रात्र, अंगण फुटेस्तोवर भरलं होतं. चेल्याने माझ्यापुढे सुरई धरली. मी ती हातात घेतली आणि न पिता चटयांमधून सरळ ओट्यापर्यंत चालत गेले.

"या या, प्रयोगशाळावाल्या बाई!" मुतवल्ली हसला. "मध तपासून यंत्राचं पोट भरलं नाही वाटतं? पुन्हा देऊ?"

लोक खदखदून हसले.

"मध शुद्धच आहे, शेखसाहेब. दोनदा तपासला. मी तुम्हाला पाणी द्यायला आलेय. घ्या."

त्याचं हसणं जागच्या जागी राहिलं. "पाणी पाजणारा शेवटी पितो, बेटी. एवढी रीत यंत्राने शिकवली नाही?"

"रीत ठाऊक आहे, म्हणूनच आले. हे सगळे पंधरा दिवस प्यायले. माझे बाबा पिऊन इस्पितळात गेले. एक म्हातारा पिऊन कबरीत गेला. आता कोणी राहिलं नाही. शेवट आला, शेखसाहेब. घ्या."

"माझी... माझी सुरई वेगळी आहे."

"का वेगळी?"

हे मी विचारलं नव्हतं. नबविया आत्या उठून उभी राहिली होती. "का वेगळी आहे तुझी सुरई, मुतवल्ली? आमची बाटलेली आहे काय?"

"तुमच्या सुरईत जिन राहतो! मी तिला हात लावला तर—"

"थांबा," मी म्हटलं. मोबाईलची विजेरी लावून मी आत्याच्या डोळ्यावर धरली. "सगळे जवळ या. बघा. बाहुली लहान होत नाही, बरोबर? एकमेकांच्या डोळ्यांत बघा. सगळ्यांना विजेऱ्या आहेत." अंगणभर विजेऱ्या पेटल्या. बाप मुलाच्या डोळ्यात बघत होता, नवरा बायकोच्या. सगळ्या बाहुल्या काळ्या आणि फाकलेल्या.

"हाच तो नूर!" मुतवल्ली ओरडला.

"असेल," इमाम रिद्वान पहिल्यांदाच बोलले. "मग तो वाटणाऱ्याच्या डोळ्यात तर पहिला असायला हवा. जरा इकडे वळ, बाबा."

मुतवल्लीने डोळे घट्ट मिटले. दाखल्याच्या चौकटीखाली, शेकडो लोकांसमोर, हिरव्या झग्यातला शेख शिक्षेच्या भीतीने डोळे झाकलेल्या पोरासारखा उभा होता. आत्याने ओट्यावर चढून त्याची पापणी अंगठ्याने वर केली. विजेरीचा उजेड पडताच बाहुली मिरीच्या दाण्याएवढी झाली. अगदी निरोगी डोळा.

कोणी आरडाओरड केली नाही. लोक एकेक करून फाटकाबाहेर गेले आणि जाता जाता सुरया जमिनीवर उपड्या करत गेले. अंगणात चिखल झाला. मागच्या खोलीत सकरानच्या वाळलेल्या पानांचं पोतं सापडलं. चौथ्या दिवशी ठाणेदारसाहेबांच्या बाहुल्या आकसल्या, त्यांना अहवालातली अक्षरं दिसली, आणि त्यांनी मुतवल्लीला अटक केली. रुश्दींनी तो दाखला स्वतः जाऊन उतरवला. आता आमच्याकडे कोणी बरणी घेऊन आलं की ते मान वर न करता विचारतात, "आणि याच्याबरोबर काय काय दिलं होतं?"

मला लोक विचारतात, यंत्राशिवाय हे कळलं असतं का? विषाचं नाव कळलं नसतं. पण विष आहे एवढं कळायला एक विजेरी आणि एक प्रश्न पुरे होता. सगळ्यांवर जे होतं ते सांगणाऱ्यावर का होत नाही? हा प्रश्न विचारायला कुठलीही पदवी लागत नाही. सवयीने जिथे बघत नाही तिथे एकदा मुद्दाम बघा. तुमच्या गावात ते पाणी नसेल, दुसरं काही असेल. आणि चमत्कारासाठी चालू औषध बंद करा असं कोणी म्हणालं, तर तिथूनच मागे फिरा.

बाबा ईदच्या दोन दिवस आधी घरी आले. इमाम रिद्वान भेटायला आले तेव्हा बाबांनी भिंतीकडे बघत आपला त्रास सांगितला.

"मास्तर," इमाम म्हणाले, "आजारी माणसाला यात सवलत आहे. बाहेर जा, वजू करा, परत या. एवढंच. तुम्ही मला विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

"लाज वाटली," बाबा म्हणाले.

ईदच्या नमाजाला बाबा शेवटच्या रांगेत, दाराजवळ उभे राहिले. नमाज सुरू होण्याआधी ते बाहेर गेले, नळावर सावकाश हातपाय धुतले आणि परत आले. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने कोपराने दुसऱ्याला ढोसलं. बाबांनी त्याच्याकडे वळून पाहिलं.

"हसू नकोस रे. पस्तीस मार्कांचा तू. वीस वर्षांनी इथंच उभा असशील. तेव्हा डॉक्टरला विचार, इमामांना विचार. अंगणात जाऊ नकोस."

तो ओशाळला आणि सरकून त्यांना दाराकडची जागा देऊ लागला.